मिरचीचा एक फोटो, अठ्ठावीस डब्यांची गाडी

पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरची घालून एक मामा भोकरदनच्या स्टँडवर उतरतात, चहा सांगतात आणि मोबाइल काढतात. सकाळीच तोडलेल्या हिरव्यागार मिरचीच्या ढिगाचा फोटो. पाठवायचा कुणाला? जर्मनीतल्या भाच्याला. अंगठा टेकला, गोल फिरलं, एक टिक, दोन टिक. चहा अजून कपातून बशीत उतरायचाय.

त्या एका टिकेपासून दुसऱ्या टिकेपर्यंत काय काय घडलं, चला, मोजू या. कागद मोठा घ्या, शून्यं फार लागणार आहेत.

फोटो समजा ३ एमबीचा. (व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं, पण आपण मामांच्या मिरचीवर अन्याय करायचा नाही.) ३ एमबी म्हणजे ३० लाख बाइट. एका बाइटमध्ये ८ बिट. झाले २ कोटी ४० लाख बिट! बिट म्हणजे नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’. हे हो-नाही तोंडानं म्हणायला बसलात, सेकंदाला एक, जेवण नाही, झोप नाही, तर किती वेळ लागेल? २७८ दिवस. नऊ महिने आणि वर चार दिवस. मिरचीचा ढीग सांगून होईपर्यंत घरात पाळणा हलेल!

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम ९,६०० बिट जायचे. त्या वेगानं हाच फोटो जायला जवळजवळ ४२ मिनिटं लागली असती. तेवढ्यात मामांचे चार चहा झाले असते, आणि घरात कुणी मध्येच रिसीव्हर उचलला असता तर पुन्हा पहिल्यापासून.

बरं, हा फोटो अख्खाच्या अख्खा जात नाही, ही तर खरी गंमत. मिरचीचा ढीग कुणी ढीग म्हणून ट्रकमध्ये घालतं का? गोण्या भरतात. इथंही तेच. एका गोणीत फार तर १,५०० बाइट. प्रत्येक गोणीवर चिठ्ठी: कुठून आली, कुठं जायचंय, कितव्या नंबरची. आपल्या फोटोच्या झाल्या २,००० गोण्या! सिल्लोडची वाट तुंबली तर गोणी जाफराबादकडून जाईल, राजूरकडून जाईल, पण जाईल. तिकडे भाच्याच्या फोनमध्ये बसलेला अदृश्य हमाल नंबरवार थप्पी लावतो. १,१३७ नंबरची आली नाही? ‘पुन्हा पाठवा’ म्हणून निरोप येतो, ती पुन्हा निघते. एकेका गोणीला स्लीपरचा एकेक बर्थ द्यायचा म्हटला, तर ७२ बर्थचे २८ डबे लागतील. एका फोटोला एक अख्खी रेल्वे, तीही फुल्ल!

चिठ्ठीवर पत्ता हवा. जुन्या पद्धतीत पत्ते होते ४२९ कोटी. हा आकडा डोळ्यांसमोर येत नाही ना? विहिरीवर चला. २० फूट व्यासाची विहीर, आत २४ फूट पाणी. त्या पाण्याचे थेंब मोजा, एका मिलिलिटरचे वीस. भरले जवळजवळ ४२९ कोटी! म्हणजे साऱ्या जगाच्या इंटरनेटला पत्ते किती, तर आपल्या शिवारातल्या एका विहिरीचे थेंब. माणसंच ८०० कोटींच्या वर, त्यात एकेकाकडे दोन-दोन फोन. विहीर आटली.

मग नवी पद्धत आली. तिच्यात पत्ते किती? ३४ लिहा आणि पुढं ३७ शून्यं काढत बसा. आता विहीर सोडा, तळं सोडा, जगातले सगळे समुद्र घ्या. त्यांचा प्रत्येक थेंब वेगळा काढा आणि दर थेंबाला पत्ते वाटा. एकेका थेंबाच्या वाट्याला येतात १२ लाख कोटींहून जास्त! ऑगस्ट २०२५मध्ये देशभर यूपीआयवरून जवळपास २५ लाख कोटी रुपये फिरले. चहावाल्याच्या खोक्यातून ‘दहा रुपये प्राप्त झाले’ असं बाई बोलते, ते धरून. त्याच्या निम्मे रुपये समुद्राच्या एका थेंबाला, रुपयाला एक पत्ता.

गोण्या भरल्या, पत्ते घातले. आता गाडी सोडा! काचेच्या तंतूतून प्रकाश धावतो सेकंदाला २ लाख किलोमीटर. मुंबई-पुणे रेल्वेनं १९२ किलोमीटर. ‘एक’ म्हणा. म्हणेपर्यंत हजार खेपा झाल्या. समुद्राच्या तळाशी अशा तंतूंच्या केबल पसरल्यात सुमारे १४ लाख किलोमीटर, म्हणजे मुंबई-पुणे सात हजार वेळा. आणि केबल जाड किती? खोल समुद्रातली तर आपल्या ठिबकच्या नळीपेक्षा किंचित जाड! आत केसासारखे तंतू. अमेरिका आणि स्पेन यांच्यामध्ये २०१७ साली टाकलेल्या ‘मारेआ’ केबलमध्ये असे तंतू फक्त १६, आणि आखलेली क्षमता सेकंदाला १६० लाख कोटी बिट. आपल्या फोटोच्या हिशेबानं सेकंदाला ६६ लाख फोटो. एकेका फोटोची २८ डब्यांची गाडी. म्हणजे ६६ लाख रेल्वेगाड्या, एका सेकंदात, सोळा केसांवरून! आपल्या रेल्वेच्या रोजच्या प्रवासी गाड्या १३ हजारांच्या आसपास. त्या ६६ लाख सोडायला तिला जवळजवळ दीड वर्ष लागेल.

आणि मामांची गाडी कुठल्या वाटेनं निघाली? मुंबईहून युरोपकडे जाणाऱ्या बहुतेक केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, मग भूमध्य अशाच जातात. भोकरदनला ही वाट नवी नाही. हे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर इथल्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. १९७३च्या उत्खननात इथं हस्तिदंती मूर्ती निघाली, तिच्या धाटणीची मूर्ती इटलीत पाँपेईला सापडली होती, इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेली. पैठणहून भडोच बंदर तेव्हा वीस दिवसांची वाट, बैलगाडीनं. पुढं जहाज, मोसमी वारा, तांबडा समुद्र, मग रोम. नुसत्या त्या वीस दिवसांत आजचा प्रकाश पैठण-भडोच सत्तर-ऐंशी कोटी खेपा मारील.

मामांचा फोटो दहा-बारा हजार किलोमीटर गेला. मधल्या सर्व्हरवरचे थांबे सोडले तर प्रकाशाला एका सेकंदात अशा सोळा-सतरा खेपा सहज जमतात. बशीतला चहा संपायच्या आत फोन थरथरला. अख्खी गाडी परत आली, तिच्यात सवारी एकच:

‘मामा, काय भावानं गेली?’