कापसाच्या भावाचे हेलकावे

हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरी गेलात, तर एखादी खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली दिसेल. त्यात लोळावेसे वाटते खरे, पण फार दिवस साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते! घरधन्याला वेगळीच काळजी असते. कापूस आज विकावा, की थांबावे? 2021-22 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 6,025 रुपये होता आणि बाजारभाव 10,000 च्या वर गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेने अनेकांनी कापूस घरी ठेवला, आणि भाव उतरला.

भाव किती हलतो, हे मोजता येईल का? येईल; पण आधी ठरवावे लागते, की किती दिवसांच्या अंतराने मोजायचे.

समजा, एका बाजारात पाच दिवसांचे भाव असे आहेत: 7000, 7100, 7000, 7100, 7000. दुसऱ्या बाजारात 7000, 7100, 7200, 7300, 7400. रोजचा बदल दोन्हीकडे 100 रुपयांचाच. पण पहिल्या दिवसाची पाचव्याशी तुलना करा. पहिल्या बाजारात भाव हललाच नाही. दुसऱ्यात 400 रुपयांनी हलला! रोज खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याचे माप थांबणाऱ्या शेतकऱ्याच्या कामाचे नाही, ते यामुळे.

खरा भाव बहुधा या दोहोंच्या मध्ये वागतो. एक नाणे घ्या. छापा पडला तर भाव 100 ने वर, काटा पडला तर 100 ने खाली. नाणे चार वेळा उडवल्यास 16 प्रकार संभवतात. त्यांपैकी 6 प्रकारांत भाव मूळ जागी येतो, 8 प्रकारांत 200 ने सरकतो आणि फक्त 2 प्रकारांत 400 ने. आता प्रत्येक बदलाचा वर्ग करा, 16 वर्गांची सरासरी घ्या आणि तिचे वर्गमूळ काढा. उत्तर बरोबर 200 येते. दिवस चौपट, पण हेलकावा दुप्पटच! 16 दिवसांना तो चौपट होतो. फ्रान्समधील लुई बाशेलिए याने 1900 साली आपल्या प्रबंधात भावांकडे असेच पाहिले होते.

पण बाजार नाण्याइतका सरळ नसतो. 1963 साली बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने नेमके कापसाचेच भाव तपासले, अर्थात अमेरिकेतले. त्याला दिसले, की मोठ्या उड्या या हिशेबापेक्षा फार जास्त वेळा येतात. एखादी तशी उडी आली, की वर्गांची सरासरीच पार बदलून जाते. आणि गंमत अशी, की रोजच्या बदलांचा आलेख व महिन्याच्या बदलांचा आलेख, मोजपट्टी बदलली की, एकाच आकाराचे दिसत!

तुम्हीही हे करून पाहा. वर्तमानपत्रातून जवळच्या बाजाराचे भाव दोन महिने वहीत उतरवा. बाजार बंद असेल तो दिवस सोडा. रोजच्या बदलांचे उत्तर काढा, मग चार-चार दिवसांच्या बदलांचे. दुसरे पहिल्याच्या दुपटीहून बरेच मोठे आले, तर बहुधा भाव एकाच दिशेने चालला होता. लहान आले, तर तो झोके घेत होता.