टेम्पोआधी पोहोचणारे चलन : वाहन उद्योगातील ‘ईडीआय’ व्यवहार
चाकण असो, मानेसर असो वा श्रीपेरुंबुदूर. वाहन कारखान्याच्या मालप्रवेशद्वारासमोर सकाळीच सुट्या भागांच्या गाड्यांची रांग लागते. एका टेम्पोतील पेट्यांवरील बारकोड वाचला जातो आणि गाडी काही मिनिटांत आत जाते. तिच्यामागचा टेम्पो मात्र बाजूला घेतला जातो. त्यातील माल निर्दोष असतो, चलनही सोबत असते. पण कारखान्याच्या संगणकाला त्या मालाची पूर्वसूचना मिळालेली नसते, किंवा तिच्यातील संख्या पेट्यांवरील संख्येशी जुळत नाही. पुरवठादाराचा दिवस, आणि पुष्कळदा त्याचे देयकही, अशा एका संदेशावर अडते.

‘इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज’ अर्थात ‘ईडीआय’ म्हणजे एका कंपनीच्या संगणकाने दुसऱ्या कंपनीच्या संगणकाला ठरलेल्या नमुन्यात पाठविलेली व्यापारी कागदपत्रे. ई-मेलने आलेली मागणी माणसाला वाचावी लागते आणि पुन्हा टंकित करावी लागते. ईडीआयमध्ये ती थेट पुरवठादाराच्या उत्पादन नियोजनात उतरते. मधला हात नसणे, हेच या पद्धतीचे मर्म.

तिचे मूळ १९४८च्या बर्लिन हवाई पुरवठ्यात सांगितले जाते. तेथे येणाऱ्या मालाच्या याद्या एकसारख्या नमुन्यात तारयंत्राने पाठविण्याची व्यवस्था अमेरिकी सैन्याने केली होती. पुढे अमेरिकेत १९७९ मध्ये ‘एक्स१२’ मानकाचे काम सुरू झाले, १९८४ मध्ये युरोपीय वाहन उद्योगाने ‘ओडेट’ ही संस्था उभारली आणि १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने ‘एडिफॅक्ट’ मानक आले. जर्मन वाहन उद्योग संघटनेने तर १२८ अक्षरांच्या ठरावीक ओळींचे स्वतःचे संदेश तयार केले. एका मोटारीत हजारो भाग असतात आणि त्यांचा साठा कमीत कमी ठेवायचा असतो. त्यामुळे या उद्योगाला कागद फार लवकर अपुरा पडला.

प्रत्यक्ष व्यवहार वेळापत्रकाने सुरू होतो. पुढील अनेक आठवड्यांचा अंदाज आधी येतो आणि त्यावरून पुरवठादार पोलाद, रबर वा प्लास्टिक मागवितो. दिवस जवळ आला की नेमकी मागणी येते. आसने किंवा बंपर यांसारख्या भागांसाठी, जुळणीच्या मार्गावर कोणत्या रंगाची व प्रकारची गाडी कितव्या क्रमांकावर येणार हेही कळविले जाते आणि माल त्याच क्रमाने भरावा लागतो. माल निघताच पुरवठादार ‘एएसएन’ म्हणजे प्रेषणाची पूर्वसूचना पाठवितो : कोणता भाग, किती नग, किती पेट्या, कोणत्या पेटीवर कोणता क्रमांक.

या उद्योगाची खरी खासियत मात्र एकत्रित संख्येत आहे. जर्मन भाषेत तिला ‘फोर्टश्रिटझाल’, म्हणजे प्रगतीची संख्या, असे नाव आहे. प्रत्येक मागणी सुटी न मोजता वर्षारंभापासूनची चढती बेरीज दोन्ही बाजू ठेवतात. उदाहरणार्थ, १ एप्रिलपासून पुरवठादाराने ४२,००० कंस पाठविले, कारखान्यात ४०,८०० नोंदले गेले आणि शुक्रवारपर्यंत एकूण ४५,००० हवे आहेत. म्हणजे १,२०० नग वाटेत आहेत आणि आणखी केवळ ३,००० पाठवायचे आहेत. आता त्या १,२०० नगांची सूचना चुकली, माल आत गेला पण नोंदलाच गेला नाही, असे समजू. कारखान्याचा संगणक ४,२०० मागत राहतो आणि पुरवठादाराचा हिशेब ३,०००वर ठाम असतो. दोघेही आपापल्या आकड्यांत खरे. ही तफावत वेळीच मिटविली नाही, तर ती वर्षअखेरपर्यंत प्रत्येक वेळापत्रकात डोकावत राहते.

पैशाचा प्रश्न येथेच येतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे देयक लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. कायदा हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतो. खरेदीदाराची संगणकप्रणाली मात्र मागणी, आवक आणि बीजक ही तिन्ही जुळल्याखेरीज देयक पुढे सरकवीत नाही. आवकच नोंदली गेली नसेल, तर कायदा पुरवठादाराच्या बाजूने असूनही त्याला खरेदीदाराच्या लेखा विभागात खेटे घालावे लागतात.

भारतातील बहुसंख्य लहान पुरवठादारांकडे पूर्ण ईडीआय नाहीच. भोसरी, आदित्यपूर वा होसूर येथील छोट्या कारखान्यातील कर्मचारी खरेदीदाराच्या संकेतस्थळावर जाऊन वेळापत्रक उतरवून घेतो आणि एएसएन हाताने भरतो. तीन ग्राहक असतील तर तीन संकेतस्थळे, तीन परवलीचे शब्द आणि एकाच भागाचे तीन वेगळे क्रमांक. खरेदीदाराच्या दृष्टीने व्यवहार संगणकीय झाला. टंकलेखनाचे ओझे फक्त साखळीच्या अशक्त टोकाकडे सरकले. याला ईडीआय म्हणणे हे सौजन्यच होय.

वस्तू व सेवा कराच्या ई-बीजकाने या स्थितीत थोडी हालचाल घडविली. १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरू झालेली ही सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीपर्यंत खाली आली. ई-बीजक म्हणजे ईडीआय नव्हे. ते करव्यवस्थेसाठी आहे आणि त्यात वेळापत्रक नसते. तरीही ठरलेल्या नमुन्यात माहिती देण्याची क्षमता त्यामुळे लहान उद्योगांच्या लेखाप्रणालीतही आली. एएसएनला लागणारी बरीचशी माहिती त्याच बीजकात असते.

निर्यातदारांना मात्र हाताने माहिती भरून भागत नाही. कोल्हापूरच्या ओतशाळेतून युरोपला जाणाऱ्या मालासाठी एडिफॅक्ट किंवा जर्मन नमुना लागू शकतो, अमेरिकी ग्राहकासाठी एक्स१२. एका नमुन्यातून दुसऱ्यात रूपांतर करणारी सेवा भाड्याने घेता येते. पण आतली नोंदच चुकीची असेल, तर ती चूकच अधिक वेगाने पोहोचते. म्हणूनच जाणते पुरवठादार सुरुवात प्रणालीच्या खरेदीपासून करीत नाहीत, ती पॅकिंगच्या टेबलापासून करतात. पेटी बंद होताना एकदाच स्कॅन करायची आणि त्याच नोंदीतून पेटीवरचे लेबल, चलन व एएसएन तिन्ही काढायचे, अशी तेथील रीत असते.