प्रायमर (काडतूस)

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसवलेली, आघाताने पेटणाऱ्या स्फोटक मिश्रणाची धातूची लहान टोपी होय. चाप ओढल्यावर आघातसुई या टोपीवर आदळते, आतील मिश्रण भडकते आणि त्याची ज्योत पुंगळीच्या बुडातील भोकावाटे आत शिरून दारू पेटवते. पुंगळी, प्रायमर, दारू व गोळी या काडतुसाच्या चार घटकांपैकी निर्धूर दारू उघड्यावर पेटवल्यास केवळ भरभर जळते. प्रायमर मात्र ठोका बसताच स्फोट पावावा, याच हेतूने घडवलेला असतो. दिवाळीत मुलांच्या पिस्तुलात वापरल्या जाणाऱ्या टिकल्यांचे तत्त्व हेच आहे, शक्ती मात्र कितीतरी कमी. वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्याच्या कामात, म्हणजे पुनर्भरणात, सर्वाधिक सावधगिरी प्रायमरच्या बाबतीत बाळगावी लागते ती यामुळेच.

इतिहास

आघाताने दारू पेटवण्याच्या पद्धतीचे पेटंट स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ साली घेतले. त्यानंतर ठासणीच्या बंदुकीला चकमकीऐवजी तांब्याची सुटी टोपी आली. १८६०च्या दशकात टोपी पुंगळीतच बसवलेली धातूची काडतुसे रूढ होऊ लागली, आणि त्याच सुमारास, १८६९ साली, पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळा कारखाना सुरू झाला. या कारखान्याच्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही रोमन अक्षरे कोरलेली आढळतात. २०२१पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग असून कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे.

प्रकार व निवड

ज्या ऐरणीवर मिश्रण चिरडले जाते ती टोपीतच असल्यास त्या प्रायमरला बॉक्सर, आणि पुंगळीचाच भाग असल्यास बर्डन म्हणतात. बॉक्सर हे ब्रिटिश अधिकारी, तर बर्डन अमेरिकन. तरीही बॉक्सरची पद्धत अमेरिकेत आणि बर्डनची युरोपात अधिक रुजली, ही गंमतच म्हणायची. बर्डन पुंगळीच्या बुडात सहसा मध्याच्या बाजूंना दोन भोके असतात, त्यामुळे जुना प्रायमर नेहमीच्या सुईने आतून ढकलून काढता येत नाही. .३०३ रायफलीची लष्करी काडतुसे याच पद्धतीची होती.

पिस्तुलाचे बॉक्सर प्रायमर दोन मापांचे असतात : लहान सुमारे ४.४५ मिलिमीटर व मोठे सुमारे ५.३३ मिलिमीटर व्यासाचे. खरा धोका मापाच्या सारखेपणात आहे. लहान पिस्तूल प्रायमर आणि लहान रायफल प्रायमर यांचा व्यास एकच असल्याने एक दुसऱ्याच्या जागी सहज बसतो. परंतु रायफलच्या प्रायमरची टोपी जाड असते. पिस्तुलाच्या घोड्याच्या हलक्या ठोक्याने ती पेटेलच असे नाही. उलट पिस्तुलाची पातळ टोपी रायफलच्या दाबाखाली फुटून तप्त वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे, येऊ शकतो. मॅग्नम प्रायमरची ज्योत अधिक प्रखर असते; सामान्य प्रायमरऐवजी तो वापरल्यास नळीतील दाब वाढतो. म्हणून दारूच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात जो प्रायमर सांगितला असेल तोच वापरावा, आणि तो बदलावा लागल्यास दारूचे प्रमाण पुन्हा तक्त्यातील किमान मापापासून सुरू करावे, असा नियम आहे. .२२च्या काडतुसात सुटा प्रायमरच नसतो, स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेले असते; त्यामुळे ही काडतुसे व्यवहारतः पुन्हा भरली जात नाहीत. पंचवीस मीटर स्पोर्ट पिस्तूल प्रकारात हीच काडतुसे वापरतात.

हाताळणी

एका लहान प्रायमरमध्ये मिश्रण काही मिलिग्रॅमच असते, पण एक उडाला की शेजारचे उडतात. उत्पादकाच्या खोक्यात प्रत्येक प्रायमर वेगळ्या कप्प्यात ठेवलेला असतो तो याच कारणाने. सुटे प्रायमर काचेच्या बरणीत किंवा डब्यात ओतून ठेवणे ही सर्वांत गंभीर चूक होय. अशी बरणी हा एक बॉम्बच ठरतो. कामापुरतेच प्रायमर बाहेर काढावेत, उरलेले त्याच खोक्यात परत ठेवावेत, दारू व प्रायमर एकत्र साठवू नयेत. काम करताना डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच.

प्रायमर पुंगळीच्या बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत बसला पाहिजे. तो वर उचललेला राहिला तर पहिला ठोका त्याला खाली बसवण्यातच खर्ची पडून बार होत नाही, किंवा स्वयंभरण पिस्तुलात खटका बंद होतानाच बार उडू शकतो. बोट फिरवून ही तपासणी होते. प्रायमर बसताना अडला तर जोर लावू नये. लष्करी पुंगळ्यांत प्रायमरभोवतीची कड दाबून घट्ट केलेली असते. ती काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही. दारू भरलेल्या पुंगळीत प्रायमर ठोकून बसवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. तेलाने प्रायमर निकामी होऊ शकतो, पण तेल लागले म्हणजे तो निर्धोक झाला असे मानता येत नाही.

जुन्या प्रायमरमधील पोटॅशियम क्लोरेटमुळे नळीत क्षार उरतो. तो हवेतील ओलावा शोषतो, आणि पुण्याच्या पावसाळ्यात अशी नळी लवकर गंजते. तेलाने क्षार निघत नाही, आधी पाण्याने धुवावी लागते. पाऱ्याच्या फुलमिनेटमुळे पुंगळीचे पितळ ठिसूळ होत असे. आजच्या बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचे स्टिफनेट असते. त्याने गंज धरत नाही, परंतु धुरातून व पुंगळ्या साफ करताना उडणाऱ्या धुळीतून शिसे शरीरात जाते. म्हणून कामाच्या जागी खाणेपिणे टाळावे व नंतर हात साबणाने धुवावेत. लहान मुलांना या धुळीपासून दूरच ठेवावे.

भारतातील कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम २मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग व ते बनवण्याची यंत्रेही येतात, आणि कलम ५नुसार दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान सात वर्षे कारावास ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. अमेरिकेत पुनर्भरण हा घरगुती छंद आहे. तेथील पुस्तके व चित्रफिती पाहून भारतात ते करू जाणे हा त्यामुळे गंभीर गुन्हा ठरू शकतो. केवळ शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे.