कामशेतचा पहाटवारा

जानेवारीतली पहाट. साडेपाच वाजलेत. कामशेतजवळच्या भातखाचरात अजून काळोख आहे. भात केव्हाच कापून झालंय, धसकटं बुटाखाली करकरतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून ट्रकांची घरघर येते. मधूनच एखादी लोकल लोणावळ्याच्या दिशेने निघून जाते.

टेम्पोच्या दिव्यात गरम हवेच्या फुग्यात बसणाऱ्यांची रांग लागलीय. आधी नाव, मग सही, मग वजनकाटा. टोपलीत कोण कुठे उभं राहणार हे काट्यावर ठरतं. शाली, कानटोप्या, चहाचे कागदी कप. रांगेत सौंसरकडच्या एक आजी आहेत, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलासोबत आलेल्या. जामसांवलीच्या मारुतीला त्या नारळ बोलून आल्यात. पिंपळाखाली आडवा निजलेला तो मारुती त्यांच्या सगळ्या प्रवासांचा राखणदार. "म्हटलं त्याले, जसं वर नेशीन तसं खाली आनजो," त्या शेजारणीला सांगतात.

सगळी तयारी झालीय. टोपली उतरवलीय, सिलिंडर बांधलेत. तरी कोणी हलत नाही. सगळे पायलटकडे बघतायत आणि पायलट आकाशाकडे.

तो हेलियम भरलेला एक छोटा फुगा सोडतो. फुगा आधी पूर्वेला सरकतो. सह्याद्रीच्या उतारावर रात्रभर गार झालेली हवा इंद्रायणीच्या खोऱ्यातून खाली वाहते आहे, तिच्याबरोबर तो पुण्याकडे निघालाय. मग वर जाता जाता थबकल्यासारखा होतो, उजवीकडे वळतो आणि चक्क माघारी, नैर्ऋत्येला चालू लागतो. खाली एक वारा, वर दुसरा. पायलट मान खाली घेत नाही. ठिपका दिसेनासा होईपर्यंत बघतो, मग घड्याळ बघतो, मग आणखी एक फुगा मागतो.

जमिनीवरचा वारा ताशी अठरा किलोमीटरच्या, म्हणजे दहा नॉटच्या पुढे गेला, की बहुतेक पायलट उड्डाण करत नाहीत. अशा सकाळी लोक पैसे भरून, रात्रभर जागून आलेले असतात. त्यांच्या तोंडावर 'आज नाही' म्हणणारा पायलट मला या सगळ्या धंद्यातला सर्वात भरवशाचा माणूस वाटतो.

आज तो मान हलवतो. पंखा सुरू होतो. जमिनीवर पसरलेलं नायलॉन फुगायला लागतं, त्याच्या पोटातून लाटा पळतात. दोघंजण तोंडाशी कापड ताणून धरतात. मग बर्नर. पिवळी-निळी ज्वाळा भसाभसा आत शिरते. दहा पावलांवर उभं असून गाल भाजतात, पाठ मात्र थंडीने काकडलेली. कापड उठतं, उठतच राहतं, आणि चांदण्या झाकल्या जातात.

आतल्या हवेचं तापमान शंभर अंशांच्या आसपास जातं. दहा माणसांच्या या फुग्यात साधारण सात हजार घनमीटर हवा मावते. तापली की तिचं वजन बाहेरच्या तेवढ्याच हवेपेक्षा दीडेक टनाने कमी भरतं. टोपली, सिलिंडर, कापड आणि आम्ही सगळे त्या फरकावर तरंगणार.

जमीन सुटते तेव्हा धक्का बसत नाही. शाल हलत नाही, केस उडत नाहीत. वाऱ्यातच चाललोय, त्यामुळे वारा लागत नाही. खाली कौलं, गोठे, चुलींचा धूर. पायलट धुराकडेच बघतोय, जमिनीलगतचा वारा तिथे दिसतो. त्याच्या हातात सुकाणू नाही. वर जाणं आणि खाली येणं, एवढंच त्याच्या ताब्यात. बर्नर ओढला तरी फुगा काही सेकंदांनी ऐकतो, म्हणून पुढची उंची त्याला आधीच मागून ठेवावी लागते. आम्ही पूर्वेला सरकतोय. समोर एक्स्प्रेसवे, त्याच्या अलीकडे विजेच्या तारा. फुग्यांच्या जगात तारांइतकं भय कशाचंच नाही. तो दोनदा, तिसऱ्यांदा बर्नर ओढतो. खालचं गाव लहान होतं. लोहगड आणि विसापूर उजेडात येतात, आणि तेच हळूहळू जवळ येऊ लागतात.

"भाऊ, वारा फिरला का जी?" आजी विचारतात.

"फिरला, आजी. त्यासाठीच वर आलो."

"आमच्याकडं फागुनात असाच फिरते. मंग गारा येते, आंबिया बहार झडून जाते." संत्र्याची बाग राखलेल्या बाईला वाऱ्याची दिशा सांगावी लागत नाही.

२६ नोव्हेंबर २००५ला मुंबईतून असाच एक गरम हवेचा फुगा उडाला होता. एकवीस हजार मीटरच्या वर जाऊन त्याने जागतिक विक्रम केला आणि उतरला थेट सिन्नर तालुक्यातल्या पांचाळ्याला. उंची माणसाने ठरवली होती. गाव वाऱ्याने दिलं.

ऊन तापू लागतं. आता जमिनीवरून गरम हवेचे लोट उठतील. पॅराग्लायडरवाले त्यांचीच वाट बघत असतात, फुग्याला ते नकोत. आठाच्या आत उतरायला हवं. पायलट वायरलेसवर बोलतो. खाली जीप कच्च्या रस्त्याने धूळ उडवत आमच्या मागे पळतेय. एक खाचर हिरवं, दुसरं मोकळं. तो हिरव्यावरून थोडं पुढे जाऊ देतो, मग माथ्याची झडप उघडणारा दोर ओढतो. "खाली बसा. गुडघे दुमडा. दोर धरा." टोपली एकदा आपटते, उचलते, पुन्हा आपटते, खरडत जाते, थांबते.

बांधावरून शेतकरी येतो. आधी आपल्या हरभऱ्याकडे बघतो, मग फुग्याकडे. पायलट टोपी काढून त्याच्याकडे चालत जातो. पोरं पळत येतात, आडव्या पडलेल्या कापडावर लोळून हवा काढायला लागतात. आजीही कापडाच्या कडेला बसतात.

"हरभऱ्याले पानी किती देलं जी?"

"पाणी कुठलं, आजी? भाताच्या ओलीवरच येतो आमच्याकडं."

"आमच्याकडं नाही जमत तसं," आजी म्हणतात आणि घाटे बघायला बांधाकडे निघतात.