दंड नको, हेल्मेट हवं
बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोप जलाशयाच्या परिसरात बेळगुंदी आहे. भात आणि रताळ्यांच्या या पट्ट्यात सायकल हे मुख्यतः शाळकरी पोरांचं वाहन. कर्नाटक सरकारने 2006-07 पासून आठवीच्या मुलींना आणि पुढे मुलांनाही सायकली वाटल्या, तशा खेड्यांतल्या मुली पायडल मारत हायस्कूलला जाऊ लागल्या. डोकं मात्र उघडंच राहिलं.

कायद्याचं त्यावर काही म्हणणं नाही. 1988च्या मोटार वाहन कायद्यातलं 129वं कलम मोटारसायकलीवर बसणाऱ्यांपुरतं आहे.

सायकलच्या हेल्मेटमध्ये कवचाखाली थर्माकोलसारखा दाट फोम असतो. डोकं आपटलं की तो चेपतो आणि धक्का कवटीपर्यंत मंदावत पोचतो. मेंदू बचावतो तो या काही मिलिसेकंदांच्या सवलतीमुळे. युरोपच्या ईएन 1078 मानकानुसार हेल्मेट सुमारे दीड मीटर उंचीवरून आपटून तपासतात, म्हणजे वेग ताशी जेमतेम 20 किलोमीटर. खडीवर घसरणारं किंवा खड्ड्यात चाक अडकून पडणारं पोर साधारण असंच आपटतं. 2016 साली ऑलिव्हियर आणि क्रेटन या संशोधकांनी 40 अभ्यास एकत्र तपासले. त्यांत 64 हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती होती. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे 69 टक्क्यांनी कमी आढळली. एवढ्यावर आईबापांनी हेल्मेट घ्यायला हरकत नसावी.

मग सक्तीच का करू नये? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 1990 मध्ये ती केली, आणि नंतरच्या पाहणीत किशोरवयीन मुलांचं सायकल चालवणंच घटलेलं दिसलं. आपल्याकडे दंडाच्या धास्तीने सायकल घरी राहिली, तर एखाद्या मुलीची शाळाही सुटायची.

शिवाय एक धोका हेल्मेटच्या आवाक्याबाहेरचा आहे. गळीत हंगामात निपाणी-चिकोडी भागात उसाने भरलेल्या ट्रॉल्या अंधारातही धावत असतात. मागे लाल दिवा नसेल, रिफ्लेक्टर चिखलाने माखला असेल, तर मागून येणाऱ्या सायकलवाल्याला ट्रॉली दिसणार कशी? तिथे बंदोबस्त ट्रॉलीचाच करायला हवा. त्याची जबाबदारी पोरांच्या डोक्यावर ढकलणं अन्यायाचं आहे.

सायकली वाटताना सोबत हेल्मेट द्यावं आणि ते घालायचं कसं, हे शाळेतच शिकवावं. कपाळ झाकलेलं हवं, भुवयांच्या वर दोन बोटांचं अंतर पुरे. हनुवटीखालचा पट्टा एखादं बोट जाईल इतका घट्ट असावा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलावं, कारण चेपलेला फोम पुन्हा पहिल्यासारखा फुगत नाही.