लारीवरचा छेद, शिवराईवरची भुकटी

तीन-चारशे वर्षांपूर्वी अरबी समुद्रात चालणारं एक नाणं गोल नव्हतं. चांदीची जाड तार घ्यायची, मधोमध दुमडून तिचे दोन पाय शेजारी-शेजारी आणायचे आणि ठोकून चपट्या केलेल्या अंगावर ठसा मारायचा. केसांत खोचायच्या आकड्यासारखं दिसणारं हे नाणं म्हणजे लारी. इराणातल्या लार शहराचं नाव तिला पडलं आणि होर्मुझपासून श्रीलंकेपर्यंत ती खपली. विल्यम बॅरेट या इंग्रजाने १५८४ साली तिचं वर्णन लिहून ठेवलं, तेव्हा हिंदुस्थानच्या व्यापारातलं उत्तम चलन म्हणून तिची वाखाणणी केली. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने आपल्या नावाच्या लाऱ्या पाडल्या. त्याच्या राज्याचं मोठं बंदर होतं दाभोळ, म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. बहमनी काळात रशियन प्रवासी अफनासी निकितिन याच बंदरातून होर्मुझला निघाला होता. तेव्हा लारीचं आणि कोकण किनाऱ्याचं नातं जुनं.

जुन्या लाऱ्या भिंगाखाली धरल्या, की पुष्कळ जणींच्या अंगावर आडवा घाव दिसतो. कधी एक, कधी दोन-तीन. हा घाव कोणी घातला? संशयित चार: टाकसाळीतली चूक, जमिनीतली झीज, नांगराचा फाळ आणि माणसाचा हात. कोणाला सोडायचं आणि कोणाला धरायचं, हे घावाची कडा सांगते.

टाकसाळीत धातू ओतताना राहिलेला बुडबुडा गोलसर असतो आणि त्याचा तळ गुळगुळीत असतो. जमिनीतल्या क्षारांनी खाल्लेला खड्डा वेडावाकडा असतो. तिथला धातू विरघळून गेलेला असतो, त्यामुळे खड्ड्याच्या काठावर काही उचललेलं नसतं. छिन्नीचं मात्र तसं नाही. छिन्नी धातू काढून घेत नाही, बाजूला सारते. म्हणून घावाचा तळ निमुळता आणि दोन्ही काठ किंचित उचललेले. लारीवरचे छेद नेमके असे आहेत. बुडबुडा आणि क्षार इथेच सुटले.

उरले फाळ आणि हात. यांचा निकाल रंगावर लागतो. खारट जमिनीत चांदी पुरली, की तिच्यावर सिल्व्हर क्लोराइडचा राखाडी-जांभळट थर चढतो. हा थर छेदाच्या आतही बाहेरच्याइतकाच चढला असेल, तर छेद पुरण्याआधीचा. आत पांढरी चांदी चकाकत असेल, तर तो हल्लीचा. फाळाचा, कुदळीचा किंवा सापडलेलं चांदीच आहे ना हे बघणाऱ्याचा.

जुना छेद हा सराफाचा. त्याच्याजवळ कसोटीचा दगड असताना त्याने छिन्नी का उचलावी? कारण कसोटी पृष्ठभागापुरतंच बोलते. आत तांब्याची तार आणि वर चांदीचं पातळ पान, असं खोटं नाणं दगडावर चांदीचीच रेघ उमटवतं. पोटात काय आहे ते कापल्याशिवाय कळत नाही. मुघल रुपयांवर आणि त्याहून कितीतरी जुन्या आहत नाण्यांवरही पारखणाऱ्यांच्या छोट्या खुणा आढळतात, त्या याच व्यवहारातल्या. ज्या छेदामुळे आज संग्राहक नाण्याचा भाव पाडतो, त्याच छेदामुळे ते एके काळी बाजारात निःशंक चाललं.

चांदीचं कोडं असं कडेवर आणि रंगावर सुटतं. तांब्याचं अधिक चिवट, आणि रत्नागिरीत तर फारच. कोकणातल्या जुन्या घरांत देव्हाऱ्यात, पेटीत, धान्याच्या कणगीच्या तळाशी शिवराई निघते. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पाडायला घेतलेली मूळ शिवराई एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं मिरवते. पेशवाईतल्या दुदांडी शिवराया तर इंग्रजी अमलातही दीर्घकाळ चालत राहिल्या. यांतल्या बहुतेक नाण्यांवर अक्षरं अर्धीच असतात. ती झिजली असं घरचे सांगतात, पण पुष्कळदा ती मुळातच उमटलेली नसतात. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान आणि घाव हातोड्याचा. जेवढं चकतीवर बसलं तेवढं उमटलं. तेव्हा अक्षर पुसट आहे की कडेला तुटलं आहे, हे आधी पाहावं. झिजलेलं अक्षर सगळीकडून बसतं. चकतीबाहेर गेलेलं अक्षर तुटतं, पण उरलेला भाग ठसठशीत राहतो.

खरी चिंता असते ती हिरव्या ठिपक्यांची. तांब्यावरचा सगळाच हिरवा रंग वाईट नसतो. घट्ट, एकसारखा, गर्द हिरवा थर हा बहुतेकदा तांब्याचा कार्बोनेट. तो नाण्याला धरून असतो आणि खालच्या धातूला सांभाळतो. फिकट पोपटी, पिठासारखी भुकटी मात्र वेगळी. दात कोरायच्या लाकडी काडीचं टोक हलकेच लावलं तरी ती सुटते आणि खाली खड्डा दिसतो. जाणकार याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात, पण नुसत्या तांब्यालाही तो होतो.

त्याचं मूळ मिठात आहे. समुद्राच्या वाऱ्यातून किंवा खारट मातीतून आलेला क्लोराइड तांब्याशी संयोग पावून वरच्या थराखाली क्युप्रस क्लोराइड होऊन दडून बसतो. जमिनीखाली प्राणवायू कमी, म्हणून तो वर्षानुवर्षं गप्प राहतो. नाणं बाहेर आलं, दमट हवा लागली, की त्याची पोपटी भुकटी होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड तयार होतो आणि चक्र चालूच राहतं. हवेतली आर्द्रता साधारण ४५ टक्क्यांच्या वर गेली, की एवढं घडायला पुरतं. रत्नागिरीच्या पावसाळ्यात हा आकडा कुठल्या कुठे मागे पडतो. म्हणून उन्हाळ्यात धडधाकट वाटलेलं नाणं श्रावणात पोपटी ठिपके दाखवू लागलं, तर दोष नव्या डबीचा नसतो. मीठ आधीपासून पोटात असतं.

त्यावर घराघरांतला उपाय म्हणजे चिंच आणि मीठ. देवाची भांडी घासायला तो उत्तम, नाण्याला मात्र घातक. चिंचेचं आम्ल वरचा राखणारा थर काढतं आणि मीठ नवा क्लोराइड पुरवतं. नाणं लखलखतं आणि पुढच्या पावसाळ्यात जास्त जोमाने सडतं. शिवाय छेद आधीचा की नंतरचा, हे सांगणारा रंगही त्याच पाण्यात वाहून जातो. संग्रहालयातली पद्धत याच्या उलट आहे: क्लोराइड हळूहळू बाहेर काढायचा, बेन्झोट्रायझोलसारखं द्रव्य लावून तांब्याला कवच द्यायचं आणि सिलिका जेलच्या सोबतीने कोरड्या डबीत ठेवायचं.

जागा बदलली की झीज कशी बदलते, याचा मोठा दाखला इंग्लंडच्या किनाऱ्यावर मिळाला. ईस्ट इंडिया कंपनीचं ‘ॲडमिरल गार्डनर’ हे गलबत जानेवारी १८०९मध्ये गुडविनच्या वाळूपट्ट्यावर बुडालं. त्यात मद्रासला निघालेली, वाफेच्या यंत्रावर पाडलेली कोरी तांब्याची नाणी पिंपांत भरलेली होती. १९८०च्या दशकात ती वर काढली, तेव्हा काही समुद्राने पार खाल्लेली निघाली, तर काही जवळजवळ कोरी. धातू तोच, पाणी तेच. कोणतं नाणं कुठे दबलं होतं, यावर सारं ठरलं.

आणि नाण्यावरच्या घावाने इतिहास कसा लिहिला जातो, हे पाहायला परदेशी जायची गरज नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे नहपान या क्षत्रपाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवरचा राजाचा चेहरा बिघडलेला होता. तो झिजलेला नव्हता. त्याच्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा मारलेला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ही नाणी अभ्यासून प्रसिद्ध केली. खाली क्षत्रपाचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरांचे तुकडे, वर सातवाहनांचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह. कोणता ठसा वर आणि कोणता खाली, एवढ्यावरून कोणी कोणाला हरवलं ते ठरलं. नहपानाचा क्षहरात वंश गौतमीपुत्राने उखडला, हे नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतच होता; नाण्यांनी साक्ष दिली. ती नाणी कोणी आधी घासून लखलखीत केली असती, तर खालचा पुसट मुखवटा कोणाला दिसला असता?

परसात, विहिरीच्या गाळात किंवा बांध घालताना नाणं हाती लागलं, तर धुण्याआधी तीन गोष्टी कराव्यात: दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो घ्यावा, सापडल्याची जागा आणि खोली टिपून ठेवावी, आणि नाणं कोरड्या कागदात गुंडाळावं. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. बाकी पारख पुढच्यांनी करावी, पण तिला लागणारा पुरावा जपणं पहिल्या हातावरच असतं.