मेणाचा खडू

संपादकांचा फोन आला तेव्हा मी दारातला बर्फ उपसत होतो. "डेट्रॉइटजवळ राहता ना, मग गाड्यांवर लिहा की," म्हणाले आणि फोन ठेवला. इथली बरीच मराठी मंडळी गाड्यांच्याच धंद्यात आहेत. त्यामुळे गाडी हा आमच्या पोटापाण्याचा विषय, कौतुकाचा नव्हे. तरी एका मित्राने जुन्या गाड्या पूर्ववत करून देणाऱ्या एका कारागिराचा पत्ता दिला म्हणून शनिवारी तासभर गाडी हाकत एका शेतातल्या शेडवर गेलो.

आत शिरलो तर 1970 ची डॉज चॅलेंजर शिगेवरच्या कोंबडीसारखी आडवी टांगलेली. चाकं नाहीत, इंजिन नाही, काचा नाहीत, नुसता पत्र्याचा सांगाडा. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ तिच्या पोटाकडे तिरकी पिचकारी धरून जांभळा रंग उडवत होते. कडेला रंग दाट, मग विरळ, आणि मधल्या भागात नुसता प्रायमर. मला वाटलं, हात थरथरतोय. विचारलं तर म्हणाले, "असाच हवा."

नाव छापू नका म्हणाले. म्हणून नुसतं 'ते' म्हणतो.

चॅलेंजर ही मसल कार, म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन. या गाड्यांचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो, कारण तो कुठेही वाचायला मिळतो. 1964 मध्ये पॉन्टिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत मोठं व्ही-8 इंजिन बसवून जीटीओ काढली. ती पोरांनी उचलून धरली आणि बाकीच्या कंपन्या मागे धावल्या. 1970 साली ताकदीचा कळस झाला. त्यानंतर विम्याचे हप्ते, धुराचे कायदे आणि 1973 चं तेलसंकट यांनी मिळून खेळ आटोपला. उणापुरा दहा वर्षांचा संसार. तेव्हा कॉलेजातल्या पोरांना हप्त्यांवर परवडणाऱ्या गाड्या या. 2014 मध्ये सिअ‍ॅटलच्या लिलावात 1971 ची अशीच एक उघड्या टपाची हेमी कुडा 35 लाख डॉलरला गेली.

एवढा पैसा आला की 'अस्सल' या शब्दाला धार चढते. गाडी चकचकीत असणं पुरत नाही, ती कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती तशीच हवी. आणि त्या दिवशी ती फारशी चांगली नव्हती! सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवायचे, मग वरून रंग मारायचे. कडेवरून उडालेला रंग खाली जाऊन बसे. तिथे कोण बघणार होतं? आता गाड्यांच्या स्पर्धांतले परीक्षक आरसा आणि विजेरी घेऊन जमिनीवर आडवे होतात आणि तेवढंच बघतात. चॅलेंजरचा रंग इनॅमलचा, त्याला संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे. कुठे ओघळ. ते सगळं पुन्हा आणायचं. आपल्याकडे डेंटिंग-पेंटिंगवाला ओघळ ठेवून गेला तर आपण त्याचे पैसे कापतो.

त्यांच्या टेबलावर प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद होता, तळहाताएवढा, कडा उंदराने कुरतडलेल्या. गाडी जुळवताना कामगारांपुढे असलेली यादी ती. कोणतं इंजिन, कोणता रंग, कोणतं सीट, सगळं सांकेतिक अक्षरांत. काम झालं की हा कागद कोणीतरी सीटच्या स्प्रिंगांत खुपसून द्यायचा. पन्नास वर्षांनी तोच गाडीची जन्मपत्रिका ठरतो. चेसिस नंबरही त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवला. व्ही म्हणजे 440 सिक्स पॅक इंजिन, 7.2 लिटर, 390 अश्वशक्ती. बी म्हणजे हॅमट्रॅमिक.

हॅमट्रॅमिकचा तो कारखाना म्हणजे डॉज मेन. त्यांचे वडील तिथे कामाला होते. 1980 मध्ये तो बंद पडला, पुढच्या वर्षी पाडला. त्या जागेवर, शेजारची वस्ती उठवून, जनरल मोटर्सने नवा कारखाना उभारला. आज तिथे विजेवरची हमर बनते.

चॅलेंजरच्या इंजिनाचे तीन होली कार्बुरेटर ओळीने मांडले होते. गाडी निवांत चालली की एकटा मधला काम करतो. पाय दाबला की इंजिनाच्या निर्वात ओढीने पुढचा-मागचा उघडतात. हे सांगताना त्यांनी मधल्याचं झाकण बोटाने अलगद उघडमिट केलं, जसं एखादी बाई डब्यातली हळद बघते. मी घड्याळ बघायचं विसरलो.

चहाऐवजी काळी कॉफी आली आणि तक्रारी सुरू झाल्या.

पहिली तक्रार रंगाची. जनरल मोटर्सच्या गाड्यांना तेव्हा लॅकर मारत. आता पर्यावरणाच्या नियमांमुळे ते रंग मिळणं अवघड. नव्या रंगावर पारदर्शक थर चढतो आणि गाडी ओली असल्यासारखी दिसते. सुंदर दिसते, पण खोटी.

दुसरी नकली नंबरांची. कोपऱ्यात शेव्हेल या गाडीचं एक इंजिन पडलं होतं. त्याच्या ब्लॉकवर पुढच्या बाजूला एक सपाट पट्टी असते, तिथे गाडीचा नंबर ठोकलेला. त्यांनी भिंग दिलं. अंकांखाली केसासारख्या समांतर रेघा दिसल्या, कारखान्यातल्या कापणीच्या हत्याराने सोडलेल्या. इंजिन दुरुस्तीला गेलं आणि कारागिराने वरचा पृष्ठभाग तासला की रेघा गेल्या, नंबरही गेला. मग कोणी हवा तो नंबर ठोकतो. हुशार असेल तर रेघाही ओढतो. "या चांगल्या ओढल्यात," ते म्हणाले. मी दचकलो. इंजिन नकली होतं. गिऱ्हाइकाला अजून सांगितलेलं नव्हतं.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणून नव्हे, खाली बघून सांगितली. कारखान्याने नेमकं काय केलं होतं हे कुठल्या पुस्तकात नीट नाही. ते कळतं कधीच न उघडलेल्या, न रंगवलेल्या गाड्यांवरून. अशी गाडी दारात आली की मालकाला ती नवीकोरी करून हवी असते. म्हणजे चाळीस वर्षांची माती खरवडायची, खालच्या खुणांचे फोटो काढायचे, आणि मग वाळूचा मारा करून त्या खुणा स्वतःच्या हाताने पुसायच्या. "किती पुसल्या?" मी विचारलं. त्यांनी फोटोंची कपाटं दाखवली. तीन होती.

मुलगा या कामात नाही. हाताखालचा पोरगा पगार वाढवून मिळाला म्हणून विजेच्या गाड्यांकडे गेला.

निघताना त्यांनी कपाटातून एक फोटो बाहेर काढला. याच चॅलेंजरच्या इंजिनामागच्या पत्र्यावर तपासनिसाने पिवळ्या मेणाच्या खडूने ओढलेली एक खूण, धड आकडा नाही, धड अक्षर नाही. आता तिथे नवा जांभळा रंग होता. ते खडू घेऊन वाकले, एका झटक्यात खूण ओढली, मागे सरकले. मला हुबेहूब वाटली.

"फार सावकाश ओढली," ते म्हणाले. "त्याला मागच्या गाडीची घाई होती."

फडक्याने पुसली. पुन्हा ओढली. तीही पुसली. मी कोट चढवला तेव्हा ते फोटो उलटा धरून बघत होते, कदाचित तो माणूस डावखुरा असेल म्हणून.